किलोने, रोजाने आणि सालाने

कामाचा मोबदला किती असावा या प्रश्नावर अर्थशास्त्राने दीड-दोनशे वर्षे हिरिरीने वाद घातला. परंतु तो मोबदला कशाच्या मापाने द्यावा, म्हणजे झालेल्या कामाच्या वजनावर, कामावर घालवलेल्या वेळेवर की माणसाने वर्षभर दिलेल्या साथीवर, या प्रश्नाकडे त्याचे पद्धतशीर लक्ष गेले ते विसाव्या शतकाच्या अखेरच्या काही दशकांतच. उद्योगसंस्था माणसे कशी निवडतात, त्यांचा पगार कसा ठरवतात, बढती कोणाला आणि का देतात, कामाची उमेद कशाने वाढते आणि कशाने मरते, याचा अभ्यास करणारी एक स्वतंत्र शाखा या काळात उभी राहिली, तिच्या उभारणीत अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लेझिअर (१९४८–२०२०) यांचा वाटा मोठा होता, आणि मराठीत तिला मनुष्यबळाचे अर्थशास्त्र म्हणता येईल. या शाखेच्या पुस्तकांतली उदाहरणे बहुधा मोठ्या कंपन्यांची असल्यामुळे ती वातानुकूलित कार्यालयांपुरती विद्या आहे असा समज होतो. प्रत्यक्षात तिचे जवळजवळ सगळे मूळ प्रश्न वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यात, अल्लीपूरसारख्या कापूसपट्ट्यातल्या गावी, शेताच्या धुऱ्यावर उभे राहूनही पाहता येतात.

या पट्ट्यातला एकच शेतकरी एकाच हंगामात, एकाच वावरात, मजुरी तीन निरनिराळ्या रीतींनी देतो. कापसाची वेचणी किलोवर होते. संध्याकाळी गाठोडे काट्याला लागते आणि जितके किलो भरतील तितके पैसे हातात पडतात. निंदण मात्र रोजाने चालते. बायांची ओळ सकाळी तासाला लागते आणि दिवस भरला की प्रत्येकीला ठरलेला रोज मिळतो, कोणाची ओळ थोडी पुढे गेली आणि कोणाची मागे राहिली याने त्यात फरक पडत नाही. आणि ज्याच्याकडे बैलजोडी आहे, वखरण, पेरणी, डवरण आहे, रात्री गोठ्यात कुटार टाकण्यापासून रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जागलीपर्यंतची कामे आहेत, तो सालदार असतो. त्याचे साल बहुधा गुढीपाडव्याला ठरते आणि पुढच्या पाडव्याला सरते. या तिन्ही रीती पूर्वापार चालत आल्या म्हणून चालू आहेत असे उत्तर सोपे आहे, पण ते अपुरे आहे; कारण नुसती परंपराच असती, तर वेचणी रोजाने आणि निंदण किलोने का होत नाही, याचा उलगडा तिच्यातून होत नाही.

उलगडा माहितीच्या प्रश्नातून होतो. काम करणाऱ्याने किती जीव ओतला हे त्याचे त्याला ठाऊक असते, काम देणाऱ्याला ते दिसत नाही; त्याला दिसतो तो परिणाम, आणि परिणामात मेहनतीइतकाच पावसाचा, जमिनीचा, बियाण्याचा आणि नशिबाचा हात असतो. एकाच्या वागण्याचा भार दुसऱ्यावर पडतो आणि ते वागणे त्या दुसऱ्याला पाहता येत नाही, अशा स्थितीला अर्थशास्त्रात नैतिक जोखीम म्हणतात. शब्द कठोर आहे, परंतु त्यात मजूर कामचोर असतो असा आरोप नाही, कारण हीच जोखीम मालकाच्या बाजूनेही असते आणि तिचा विचार पुढे करावा लागेल. या अडचणीचे पहिले उत्तर असे की, परिणाम स्वच्छ मोजता येत असेल तर परिणामावर पैसे द्यावेत, आणि येत नसेल तर वेळेवर द्यावेत व देखरेख ठेवावी. वेचलेला कापूस प्रत्येकीच्या ओटीत वेगळा असतो, तो काट्यावर वेगळा मोजता येतो आणि एकीचे काम दुसरीच्या कामात मिसळत नाही, म्हणून वेचणी किलोची. निंदलेल्या ओळीत गवत मुळासकट उपटले की वरून खुडले, हे त्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही, पंधरा दिवसांनी ते पुन्हा उगवते तेव्हा कळते, आणि तोवर मजुरी वाटून झालेली असते. म्हणून निंदण रोजाचे, आणि रोजासोबत धुऱ्यावरची शेतकऱ्याची किंवा घरच्या बाईची हजेरी. जिथे निंदण एकरावर ठेक्याने दिले जाते तिथे काम झपाट्याने उरकते, परंतु मुळे जमिनीत राहिल्याची तक्रारही त्याच झपाट्याने मागून येते.

मापाच्या मजुरीने काम किती वाढते, याचा सर्वाधिक उद्धृत होणारा पुरावा शेतीतला नाही, तो मोटारींच्या काचा बसवणाऱ्या सेफलाइट या अमेरिकी कंपनीतला आहे. या कंपनीने १९९४–९५ च्या सुमारास काचा बसवणाऱ्या कामगारांची मजुरी तासांवरून बसवलेल्या काचांच्या संख्येवर नेली, आणि लेझिअर यांनी तिच्या नोंदी तपासून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला की दर कामगारामागे उत्पादन सुमारे ४४ टक्क्यांनी वाढले. या आकड्याचे विभाजन अधिक बोलके आहे. सुमारे निम्मी वाढ आधीपासून असलेल्या कामगारांनीच हात झपझप चालवल्यामुळे झाली. उरलेली झाली ती मुख्यतः माणसे बदलल्यामुळे, कारण चपळ कामगारांना नवी पद्धत लाभाची वाटून ते टिकले व तसेच आणखी आले. मजुरीची रीत ही केवळ असलेल्या माणसाला पळवणारी काठी नसते, कोणता माणूस दारात येईल हेही तीच ठरवते. कापूसपट्ट्यात ही निवड कोणी न करता होते: जिचा हात चालतो ती वेचणीच्या दिवसांत रोजाच्या कामावर येत नाही, आणि जिचे वय झाले किंवा कंबर धरते तिला रोजाचे निंदणच परवडते.

याच टप्प्यावर एक गोष्ट नोंदवली पाहिजे, जी अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत फारशी आढळत नाही. रोजाच्या कामात विदर्भात, आणि खरे तर देशभर, पुरुषाचा रोज वेगळा आणि बाईचा रोज वेगळा, तोही कमी; समान मोबदल्याचा कायदा १९७६ साली झाला तरी शेतावरची ही दुहेरी दरांची रीत मोडलेली नाही. किलोच्या कामात ती आपोआप मोडते, कारण काटा बाईच्या हातचा किलो आणि पुरुषाच्या हातचा किलो यांत भेद करत नाही. वेचणीचे बहुतेक काम बायाच करतात, त्यांचा हात या कामात पुरुषांपेक्षा बहुधा सरस ठरतो, आणि तरीही नोव्हेंबरात सिद्ध झालेले हे कौशल्य पुढच्या आषाढात रोज ठरवताना कोणी लक्षात घेत नाही. जिथे मोजमाप आहे तिथे न्याय होतो आणि जिथे ‘अंदाज’ आहे तिथे पूर्वग्रह शिरतो, हा मापाच्या मजुरीच्या बाजूने मांडता येणारा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, आणि तो उत्पादकतेच्या टक्क्यांहून महत्त्वाचा मानला पाहिजे.

मात्र मापाला स्वतःचा रोग आहे. बेंट होल्मस्ट्रोम आणि पॉल मिलग्रोम या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ साली तो काटेकोरपणे मांडला: एका कामाला दोन अंगे असतील, त्यांतले एक मोजता येत असेल आणि दुसरे येत नसेल, तर मोजता येणाऱ्या अंगावर जितके जास्त पैसे लावावेत तितके दुसरे अंग उपाशी मरते. (होल्मस्ट्रोम यांना करारांच्या सिद्धांतासाठी २०१६ साली ऑलिव्हर हार्ट यांच्यासह नोबेल पुरस्कार मिळाला.) अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक कर्मचाऱ्यावर नवी खाती उघडण्याचा दबाव टाकल्यामुळे ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली गेल्याचे २०१६ साली उघडकीस आले, ते याच रोगाचे ठळक लक्षण. कापसात हा रोग पहाटेच्या दवात असतो. भल्या पहाटे वेचलेला कापूस ओला असल्यामुळे वजनात भरतो, आणि घाईने ओरबाडलेल्या बोंडाबरोबर आलेली वाळकी पत्ती व काडीकचराही काट्यावर कापूसच ठरतो. वेचणाऱ्या बाईच्या दृष्टीने यात लबाडी नाही. तिला किलोचे पैसे सांगितले आहेत आणि किलो तिने आणले आहेत. परंतु पुढे बाजारात भारतीय कापूस महामंडळ पूर्ण हमीभावासाठी आठ टक्क्यांपर्यंतची ओल धरते, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत भाव कापते आणि त्याहून ओला कापूस नाकारते, त्यामुळे सकाळी मिळवलेले वजन शेतकऱ्याच्या पदरी दुपारच्या तोट्याच्या रूपाने पडते. म्हणून जाणता शेतकरी दव उतरल्याखेरीज वेचणी सुरू होऊ देत नाही, ओटीत पत्ती दिसली तर तिथेच निवडायला लावतो, आणि स्वच्छ वेचणाऱ्या बायांना पुढच्या वेच्याला आधी बोलावतो. यांतला शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक असतो, कारण त्यात आजच्या कामाचे बक्षीस उद्याच्या बोलावण्यात ठेवलेले असते. सेफलाइटनेही अशीच तजवीज केली होती. काच नीट बसली नाही तर ती ज्याने बसवली त्यानेच स्वतःच्या वेळात पुन्हा बसवायची असे ठरल्यावर घाई आणि निष्काळजीपणा यांची सांगड तुटली.

किलोचा दर हंगामभर एक का राहत नाही, हेही याच हिशेबात बसते. पहिल्या-दुसऱ्या वेच्याला पऱ्हाटी पांढरीफेक असते, हात भरभर भरतो. शेवटच्या वेच्याला बोंडे विरळ, अर्धवट फुटलेली, कवडीची, आणि तेवढेच किलो भरायला दुप्पट चालावे लागते. दर तोच ठेवला तर वेचायला कोणी येणारच नाही, म्हणून हंगाम उतरतो तसा दर चढतो, आणि अनेकदा नेमका तेव्हाच कापसाचा दर्जा व भाव उतरलेला असतो. राज्य सरकारनेही हा धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला आहे. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या आणि पुढे कायद्याचे रूप मिळालेल्या रोजगार हमी योजनेत खोदलेल्या मातीच्या मापावर मजुरी देताना माती, मुरूम आणि खडक यांचे दर वेगळे ठेवावे लागले, आणि सरासरी क्षमतेच्या मजुराने सात तास काम केले तर किमान वेतन हातात पडावे असा बेत दरांत बसवावा लागला. ‘सरासरी क्षमता’ हा शब्द कागदावर निरुपद्रवी दिसतो. परंतु ज्या कामावर माणसे भुकेच्या भीतीने येतात, तिथे अशक्त, वृद्ध आणि लेकुरवाळी माणसे सरासरीच्या खालीच असतात, आणि मापाची मजुरी ज्याला सर्वाधिक गरज त्यालाच सर्वांत कमी देते.

येथून प्रश्न जोखमीकडे वळतो. मोबदला परिणामाशी बांधला की परिणामातली अनिश्चितताही माणसाच्या गळ्यात पडते. बटईने शेत करणारा अर्धे पीक मालकाला देतो. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली दाखवून दिले की, ज्याला स्वतःच्या मेहनतीचे अर्धेच फळ मिळते तो मेहनतही हात राखून करणार, आणि या हिशेबाने बटई ही वाईट पद्धत ठरते. मग ती शतकानुशतके जगभर टिकली कशी? जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९७४ साली दिलेले उत्तर असे की, मक्त्याने शेत घेतले तर पाऊस हुकल्याचा सगळा मार कसणाऱ्यावर पडतो, मजुरीवर केले तर तो सगळा मालकावर पडतो पण मेहनतीचे प्रोत्साहन उरत नाही, आणि बटई ही या दोहोंमधली तडजोड आहे, जीत थोडे प्रोत्साहन ठेवून थोडी जोखीम वाटून घेतली जाते. ज्या जिल्ह्याचे पीक मुख्यतः पावसावर आहे तिथे या तडजोडीचे मोल पुस्तकातल्यापेक्षा पुष्कळ अधिक आहे. उद्योगात विक्रीवर कमिशन, समभागांत हिस्सा, वार्षिक बोनस या सर्वांमागे हीच तराजू असते. आपल्याकडच्या १९६५ च्या बोनस कायद्याने तिची एक बाजू धरून ठेवली, म्हणजे नफा होवो वा न होवो, किमान बोनस (पुढच्या दुरुस्तीनंतर ८.३३ टक्के) द्यावाच लागेल असे ठरवले आणि कमाल मर्यादा २० टक्के ठेवली.

निंदणाच्या ओळीकडे परत यावे. रोज सगळ्यांना सारखा असेल तर कोणी काम का करावे, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. आतल्याला पडत नाही, कारण ओळीतली प्रत्येकजण शेजारणीला दिसत असते, मागे राहणारीला टोमणा बसतो आणि कधी तिची राहिलेली ओळ दुसरी पुरी करून देते. सहकाऱ्यांचा हा धाक आणि हा आधार किती प्रभावी असतो, याचा नमुनेदार अभ्यास ओरियाना बांदिएरा, इवान बारांके आणि इम्रान रसूल यांनी ब्रिटनमधल्या एका फळमळ्यात केला आणि २००५ साली प्रसिद्ध केला. त्या मळ्यात आधी प्रत्येकाची मजुरी इतरांच्या सरासरीशी तुलना करून ठरे, म्हणजे एकाने जास्त फळे तोडली की बाकीच्यांची कमाई घटे. मालकाने ती बदलून सरळ वजनावर केली तेव्हा दर माणशी तोडणी किमान ५० टक्क्यांनी वाढली. तुलनेच्या पद्धतीत मजूर एकमेकांना सांभाळून हात आवरत होते, विशेषतः शेजारी मित्र असतील आणि एकमेकांना पाहू शकत असतील तेव्हा. माणसांना एकमेकांविरुद्ध उभे केले की ती अधिक पळतील, हा अनेक कंपन्यांचा विश्वास आहे आणि लेझिअर व शर्विन रोझेन यांनी १९८१ साली बढतीच्या स्पर्धेचा जो सिद्धांत मांडला तो त्याला आधारही देतो. परंतु जिथे कामगार एकाच गावचे, एकाच आळीचे असतात, तिथे अशी स्पर्धा चालत नाही, आणि ती न चालणे हे त्या माणसांच्या भलेपणाचे लक्षण आहे.

सालदाराचे काम या सगळ्याच्या पलीकडचे. बैल वर्षभर धडधाकट राहिला, बी नेमक्या खोलीवर पडले, रात्री वावरात कोणी होते, या गोष्टी कशाने मोजणार? यांचा परिणाम महिन्यांनी दिसतो आणि इतर शंभर कारणांत मिसळून दिसतो. इथे माप चालत नाही, रोजची देखरेखही चालत नाही. इथे चालते ते दीर्घ नाते, ज्यात दोघांनाही ठाऊक असते की पुढचा पाडवा येणार आहे. वर्षाच्या सुरुवातीची उचल, सणाला कापड, पोळ्याचा बोजारा, दुखण्याखुपण्याला मदत, यांतल्या पुष्कळशा गोष्टी कुठल्याही करारात नसतात, आणि जॉर्ज अकरलॉफ यांनी १९८२ साली म्हटल्याप्रमाणे नोकरीचा एक भाग हा भेटीच्या देवाणघेवाणीसारखा असतो, ठरल्यापेक्षा थोडे अधिक मिळाले की माणूस ठरल्यापेक्षा थोडे अधिक देतो. हे चित्र गोंडस करण्याचे कारण नाही. उचल फिटली नाही की साल संपत नसे, आणि नात्याच्या नावाखाली कित्येक घरांच्या दोन-दोन पिढ्या एकाच वाड्यावर राबल्या. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली करावा लागला तो उगाच नव्हे. मालकाच्या बाजूची नैतिक जोखीम म्हणतात ती हीच: दीर्घ नात्यात मजूर आधी देतो आणि मालक नंतर, आणि नंतर देणाऱ्याने शब्द फिरवला तर आधी देणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

कारखान्यांनी या अडचणीवर जी उत्तरे शोधली त्यांतले एक फार लवकरचे उत्तर विदर्भातच सापडते. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस जवळ, पण माणसे शेतावरून आलेली, भोंग्याच्या शिस्तीची सवय नसलेली, आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत गावी परतणारी. गैरहजेरी ही मिलची मोठी डोकेदुखी होती, आणि दंड करून ती सुटत नव्हती, कारण शेताची ओढ असलेल्या माणसाला कापलेल्या मजुरीचे भय नसते. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता आणि टाटा यांनी वेगळा मार्ग धरला: नियमित हजेरीला बक्षिसे, १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी, आणि १८९५ पासून कामावर अपघात झाल्यास भरपाई, जी कायद्याने बंधनकारक व्हायला भारतात १९२३ साल उजाडले. यामागे दयाबुद्धी नव्हती असे नाही, पण दयाबुद्धीइतकाच व्यवहारही होता. लेझिअर यांनी १९७९ साली दाखवले की, तरुणपणी कामापेक्षा थोडे कमी आणि उतारवयात थोडे जास्त देणारी वेतनाची घडण माणसाला टिकवते, कारण मध्येच सोडून जाणारा किंवा हलगर्जीपणामुळे काढला जाणारा माणूस साठलेले गमावतो. पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन देणाऱ्या १९७२ च्या ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही हेच सूत्र होते, फक्त तिथे ‘नंतर देणाऱ्याचा’ शब्द सरकारने बांधून घेतला होता. सालदाराला असा कोणी जामीन कधी नव्हता.

आणखी एक उत्तर असे की, मजुरी चालू दरापेक्षा मुद्दाम जास्त द्यावी. डेट्रॉइटमध्ये हेन्री फोर्ड यांनी जानेवारी १९१४ मध्ये रोज पाच डॉलर, म्हणजे आधीच्या दुपटीहून अधिक मजुरी जाहीर केली, तेव्हा जग चकित झाले. त्याआधीच्या वर्षी त्यांच्या कारखान्यात माणसे सोडून जाण्याचे प्रमाण ३७० टक्के होते, म्हणजे एक जागा वर्षभर चालवायला सरासरी चार-चार माणसे घ्यावी लागत. मोठ्या मजुरीने माणसे टिकली. कार्ल शपिरो आणि स्टिग्लिट्झ यांनी १९८४ साली याचे कारण असे मांडले की, बाहेर मिळेल त्यापेक्षा इथे जास्त मिळत असेल तरच नोकरी जाण्याचे भय खरे असते. आणि हार्वी लाइबेनस्टाइन यांनी १९५७ सालीच गरीब देशांबद्दल एक साधा मुद्दा मांडला होता, की पोटभर खाल्लेला माणूस जास्त काम करतो, म्हणून फार कमी मजुरी मालकालाही महाग पडते. या सगळ्याला कार्यक्षमता-वेतन असे नाव आहे.

याच प्रश्नाशी झुंजणारा, पण भीतीच्या हिशेबापासून न निघालेला एक प्रयोग वर्ध्यातच झाला, आणि त्याची दखल मनुष्यबळाच्या अर्थशास्त्राने अजून घ्यायची आहे. १९२५ साली स्थापन झालेला अखिल भारतीय चरखा संघ कत्तिणींना सुताच्या मापावर मजुरी देत असे. दर बाजारातल्या गरजूपणाने ठरलेले, आणि इतके तुटपुंजे की दिवसभर सूत काढूनही पोट भरत नसे. संघाचे कार्यकर्ते खादी स्वस्त ठेवण्याच्या चिंतेत होते, कारण महाग झाली तर विकणार कशी आणि विकली नाही तर कत्तिणींना तेवढेही काम कुठून मिळणार. १९३५ साली, मुक्काम वर्ध्याच्या मगनवाडीत असताना, गांधीजींनी हा हिशेब उलटा केला: आठ तासांच्या कामाला आठ आणे हे ध्येय असावे, आणि निदान इतके तरी द्यावे की कत्तिणीला शास्त्रोक्त मापाने लागणारे अन्न आणि वर्षाचे कापड मिळेल. संघाने तत्त्व स्वीकारले. प्रत्यक्षात आठ आण्यांपर्यंत जाता आले नाही, दर तीन आण्यांच्या आसपास आले, आणि तेवढ्यानेही खादीची किंमत चढली. जवळच नालवाडीत विनोबा स्वतःच्या सूतकताईच्या कमाईत जगून पाहत होते, म्हणजे जो दर दुसऱ्याला द्यायचा तो आधी आपल्या ताटात मोजत होते. या प्रयोगात मोजमाप सोडलेले नव्हते. मजुरी गुंडीवरच होती, आणि ती ‘आठ तासांच्या कुशल कामाची’ होती, त्यामुळे कातण्याचे शिक्षण, पेळूचा दर्जा, चरख्याची दुरुस्ती या सगळ्यांकडे संघाला अधिक लक्ष देणे भाग पडले. मजुरी वाढवायची आणि माल विकायचाही, तर एका तासात निघणारे सूत सुधारण्याखेरीज मार्ग राहत नाही. मालकाने मजुरीचा तळ पक्का केला की सुधारणेची जबाबदारी मजुराच्या पाठीवरून व्यवस्थेच्या अंगावर येते, ही या प्रयोगातली खरी शिकवण, आणि फोर्डच्या पाच डॉलरपेक्षा ती अधिक खोल आहे.

व्यवस्थेचा हा मुद्दा अलीकडे पालघर जिल्ह्यातल्या तारापूरने आणि त्या जिल्ह्याला लागून गुजरातेत असलेल्या उंबरगावने जगासमोर आणला. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांत एक प्रयोग केला, त्यांतल्या काही कारखान्यांना व्यवस्थापनाचा फुकट सल्ला पाच महिने दिला, आणि २०१३ साली लिहिले की अशा कारखान्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षी १७ टक्क्यांनी वाढली. सल्ला काही जगावेगळा नव्हता: सुताचा साठा नोंदवून ठेवावा, माग बिघडण्याआधी तेलपाणी करावे, दोषांची रोज नोंद व्हावी, चांगल्या कामाला बक्षीस असावे, जमीन झाडलेली असावी. त्याहून लक्षात राहणारा शोध असा की, कंपनी किती मोठी होईल हे ठरवण्यात मालकाच्या घरात किती पुरुष आहेत याचा वाटा मोठा होता, कारण घराबाहेरच्या व्यवस्थापकावर किल्ल्या सोपवायला मालक तयार नव्हते. कारखाना वाढायचा थांबतो तो अविश्वासाच्या भिंतीपाशी. त्याच भिंतीपाशी एकेकाळी सालदार उभा असे, कारण गोठ्याची किल्ली त्याच्याकडे असायची.

आता कापूसपट्ट्यात पाडव्याला साल धरणारे हात कमी झाले आहेत. बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, निंदणाचा बराच भाग तणनाशकाने, आणि ज्यांच्या आजोबांनी साल केले ती मुले रोजाच्या किंवा महिन्याच्या कामासाठी हिंगणघाट, वर्धा आणि बुटीबोरीकडे जातात, जिथे हजेरी बोटाच्या ठशाने लागते. वेचणी मात्र अजून हातानेच होते, कारण बोंडे एकदम फुटत नाहीत, टप्प्याटप्प्याने फुटतात, आणि यंत्राला तेवढा धीर नसतो. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी धुऱ्यावर काटा टांगला जातो, गाठोडी एकेक करून त्याला लागतात, शेतकरी मूठभर कापूस उचलून ओल आणि पत्ती चाचपतो, आणि ज्या बाईचे गाठोडे आहे ती काट्याच्या आकड्यावरून नजर हलवत नाही.